गावाचे मुद्दल कोण मोजणार?

मे सरत आला की आमची आई पुरुमेंताचा हिशेब घ्यायची. पावसाळ्याच्या बेगमीला गोव्यात पुरुमेंत म्हणतात. उकड्या तांदळाची कणगी, कुळीथ, अळसांदे, सुकी मिरची, सोलांची बरणी, जाड्या मिठाचे मडके, सुके गालमो, पडवीत रचलेली लाकडे. एकेका वस्तूला हात लावून ती सांगायची, "हे चवथीपर्यंत जाईल, हे आषाढातच संपेल." त्या महिन्यात घरात पैसे किती आले हे तिला ठाऊक असायचेच; पण तेवढ्यावर तिचे समाधान होत नसे. घरात शिल्लक काय आहे आणि ते कुठवर पुरेल, हे कळल्याशिवाय तिला पहिल्या पावसाचा आनंद व्हायचा नाही.

हाच प्रश्न गावाला विचारला तर? विहिरीतले पाणी, शेताची माती, शाळेतली मुले, बांध फुटल्यावर धावून येणारी माणसे, हे सगळे अजून किती वर्षे पुरणार आहे? माझ्या पाहण्यातल्या एकाही पंचायतीत याचे उत्तर नाही. घरपट्टी किती जमली, गटारावर किती खर्च झाला, हे मिळते. गावाच्या शिलकेची वही मात्र कुठेच नाही.

'शाश्वत विकास' हा शब्द १९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालानंतर जगभर पोचला आणि २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्याची १७ उद्दिष्टे ठरवली. मला स्वतःला त्यापेक्षा 'पुरवठ्याला येणे' हा आपला जुना शब्दप्रयोग जवळचा वाटतो. शाश्वत म्हटले की देवळातले काहीतरी डोळ्यांपुढे येते. पुरवठ्याला येणे म्हटले की लगेच पुढचे प्रश्न सुचतात: काय पुरेल, कुणाला पुरेल, कधीपर्यंत?

राज्याच्या पातळीवर गोव्याचे आकडे उत्तम आहेत आणि ते खोटे आहेत असे मला म्हणायचे नाही. दरडोई उत्पन्नात गोवा देशातल्या अगदी वरच्या राज्यांत आहे. नीती आयोगाच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे बहुआयामी गरिबीत जगणाऱ्यांचे प्रमाण इथे एक टक्क्याहूनही कमी आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये गोवा देशातले पहिले 'हर घर जल' प्रमाणित राज्य ठरले. माझी आजी डोक्यावरून दोन-दोन घागरी आणायची. त्यामुळे नळाचे मोल मला कुणी सांगायला नको.

पण प्रमाणपत्र नळाचे असते. एप्रिल-मे महिन्यांत त्या नळाला दिवसातून किती तास पाणी येते, दाब किती असतो, टेकडीवरच्या वाड्यावर टँकर आठवड्यातून किती वेळा चढतो, हे त्या आकड्यात मावत नाही. पूर्वी ज्या विहिरीचे पाणी पूर्ण वाडा पीत होता ती नळ आल्यावर उपसायची राहिली, मग बुजली, मग तिच्यावर स्लॅब पडला. हा तोटा तर कुठल्याच तक्त्यात नाही. टँकरचा धंदा वाढला की उलट राज्याचे उत्पन्नच वाढलेले दिसते. शेत बुजवून इमारत उभी राहिली की तेही उत्पन्नच. जे गेले त्याची वजाबाकी कुठेच होत नाही.

ही वजाबाकी न केल्याचे सर्वांत मोठे उदाहरण आमच्याच डिचोली, सत्तरी, सांगे भागांतले आहे. २०१०-११ मध्ये गोव्यातून सुमारे ५ कोटी टन लोहखनिज बाहेर गेले. कागदावर ती भरभराट होती आणि ती अनेकांनी प्रत्यक्ष अनुभवलीही. कर्ज काढून ट्रक घेतले गेले, गॅरेजे निघाली, खानावळी निघाल्या, मुले शिकली. पण खनिज म्हणजे पीक नव्हे, दरवर्षी उगवत नाही. ते मुद्दल होते आणि आपण ते व्याज म्हणून खर्च केले. शिरगावच्या विहिरी खाणींच्या खोल खड्ड्यांनी आटवल्या. डोंगरावरची माती पावसाबरोबर शेतात उतरली आणि भाताच्या चिखलात लाल गाळाचा थर बसला. २०१७ मध्ये सत्तरीतल्या सोनशी गावातले लोक धुळीला आणि ट्रकच्या वर्दळीला कंटाळून रस्त्यावर बसले, तेव्हा ४५ जणांना अटक झाली. त्या वर्षीच्या राज्याच्या उत्पन्नात त्या ट्रकांच्या फेऱ्या मोजल्या गेल्या असतील. सोनशीच्या मुलांचा खोकला मोजायला कुठे जागा होती?

सप्टेंबर २०१२ मध्ये, बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर खाणी थांबल्या. पुढे सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ लीजांची नूतनीकरणे रद्द झाल्यावर मार्चपासून पुन्हा थांबल्या. दारात उभे राहून गंजलेले ट्रक मी पाहिले आहेत. हप्ते थकले, लग्ने लांबली, काही माणसे खचली ती कायमची. पर्यावरणाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनी, त्या काळात या माणसांकडे पुरेसे पाहिले नाही. ज्या गावाचे सगळे पोट एकाच कामावर आहे ते गाव, त्याच्या नद्या निर्मळ असोत की गढूळ, टिकाऊ नाहीच. किती घरांचे उत्पन्न एकाच धंद्यावर टांगलेले आहे, एवढी एक नोंद त्या गावांनी २००५ सालापासून ठेवली असती तर धोका आधी दिसला असता. आज किनाऱ्यावरच्या गावांनी हीच नोंद पर्यटनाबद्दल ठेवायला हवी. २०११ च्या जनगणनेत १४.५८ लाख लोकसंख्या असलेल्या राज्यात आता वर्षाला सुमारे एक कोटी पर्यटक येतात, आणि ते एका वर्षी आले नाहीत तर काय होते हे आपण २०२० मध्ये पाहिलेले आहे.

मुद्दल आणि व्याज यांतला हा फरक शेवटी न्यायालयाने ओळखला. एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली आणि खनिजाच्या विक्रीतून १० टक्के रक्कम पुढच्या पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधीत ठेवायला सांगितली. गोव्याच्या अर्थविचारातली ही मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. जमिनीतून काढलेले धन हे नातवंडांचेही आहे, हे प्रथमच आकड्यात उतरले. पण तो निधी राज्याचा. ज्या गावाची टेकडी गेली त्याच्या वहीत काय राहिले?

आपल्याकडे अशी वही कधी नव्हतीच, असे मात्र नाही. गोव्याची गावकारी पोर्तुगीजांच्या आधीपासूनची. १५२६ च्या फोराल या पोर्तुगीज सनदेत तिचे रिवाज लिहून घेतले गेले, पुढे तिला कोमुनिदाद म्हणू लागले. गावाची जमीन सामाईक असायची, शेतांची पावणी म्हणजे लिलाव व्हायचा, येणाऱ्या पैशातून आधी बांध, तळी, देऊळ यांचा खर्च निघायचा आणि उरलेले गावकरांत वाटले जायचे. आधी देखभाल आणि मग वाटणी, हा क्रम फार महत्त्वाचा आहे. आजचा सरकारी अर्थसंकल्प बरोबर उलटा चालतो.

खाजन शेत ज्याने पाहिले आहे त्याला याचा अर्थ लगेच कळेल. मांडवी, जुवारी यांसारख्या नद्यांलगत आणि खाड्यांलगत गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजन जमीन आहे. भरतीच्या पाण्यापेक्षा ती खोल. चिखल, चिरे आणि झाडोरा यांच्या बांधांनी खारे पाणी अडवलेले असते आणि बांधात मानस असते, म्हणजे लाकडी दारांची मोरी. ओहोटीला शेतातले पाणी दार ढकलून बाहेर जाते, भरतीला नदीचेच पाणी दार लावून घेते. वीज नाही, पंप नाही. दाराआतल्या पोंयीत, म्हणजे पाणी साचणाऱ्या खळग्यात, मासळी आणि सुंगटे (कोळंबी) वाढतात, आणि ती पकडण्याचा हक्क लिलावाने दिला जातो. आतल्या शेतात कोरगुटासारखे खार सोसणारे भात. एका बांधामागे भात, मासे, मीठ आणि माणसे अशी सगळी व्यवस्था उभी असते.

गावाचा आर्थिक, सामाजिक आणि पर्यावरणीय टिकाऊपणा वेगवेगळा मोजायचा असतो असे आपल्याला शिकवले जाते. तीन रकाने, तीन रंग. बांधाजवळ उभे राहिले की हे रकाने गळून पडतात. बांधाला कुरल्यांनी (खेकड्यांनी) बिळे पाडली आहेत का, हा पर्यावरणाचा प्रश्न. ते बीळ लहान असताना बुजवायला कुणी आले का, हा समाजाचा. मानशीच्या लिलावातून आलेला पैसा दुरुस्तीला लागला की भलतीकडे गेला, हा अर्थकारणाचा. पण बांध फुटतो तो एकदाच, आणि तिन्ही उत्तरे एकदम मिळतात. खारे पाणी एकदा शेतात शिरले की ते खार धुऊन निघायला पुढचे कितीतरी पावसाळे जावे लागतात, आणि तेवढ्यात शेत करणारा माणूस शेतापासून सुटतो. मग पडीक शेत बघून कुणी विचारतो, "विकणार का?"

म्हणून मला कुणी विचारले की खाजनाच्या गावासाठी एकच गोष्ट मोजायची तर काय मोजशील, तर मी म्हणेन बांध मोजा. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा. कुठे खचला, कुठे फुटला, किती दिवसांत दुरुस्त झाला, किती घरांतून माणसे आली.

या जुन्या व्यवस्थेच्या प्रेमात आंधळे होण्याचे कारण नाही. गावकारीतला हिस्सा ठरावीक घराण्यांतल्या पुरुषांचा. बायकांना त्यात जागा नव्हती, आणि ज्या कष्टकऱ्यांच्या हातांनी चिखल उपसला त्यांनाही नव्हती. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण मिळाले आणि १९७६ च्या दुरुस्तीने जमिनीवर हक्क मिळाला, तो न्यायच झाला. पण हक्क बदलताना देखभालीची जबाबदारी पक्की कुणाच्याच गळ्यात पडली नाही. कोमुनिदाद म्हणाली आता शेते आमची नाहीत. कूळ संघटना झाल्या, पण बऱ्याच ठिकाणी कागदावरच राहिल्या. पुढे नदीतून खनिज वाहून नेणाऱ्या बार्जींच्या लाटांनी बांध खाल्ले, आणि कुठे कुठे कोळंबीच्या पैशासाठी मानस मुद्दाम उघडे ठेवून खारे पाणी आत घेतले गेले. जुनी वही बंद झाली आणि नवी कुणी घातली नाही, असा हा मधला काळ आहे. नवी वही घालायची तर ती घराणी बघून घालता येणार नाही. गावात जो राहतो त्या प्रत्येकाची ती असली पाहिजे.

केंद्र सरकारने पंचायतींसाठी एक निर्देशांक आणला आहे. त्यात गरिबीमुक्त गाव, आरोग्य, बालस्नेही गाव, पाणी, स्वच्छ-हरित गाव, सुशासन अशा नऊ विषयांखाली ४३५ निर्देशक आहेत, आणि २०२२-२३ चे निकाल २०२५ मध्ये जाहीर झाले. गावाकडे एका आकड्यापलीकडे पाहिले गेले, हे मी स्वागतार्ह मानतो. पण ४३५ रकाने भरतो कोण? मी बसलो होतो त्या एका ग्रामसभेत सचिवबाई संगणकावरून वाचत होत्या आणि सभा ऐकत होती: इतकी शौचालये, इतके बचत गट. मागच्या बाकावरून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारले, "बाय, हातूंत आमचो बांद खंय आसा?" त्या बिचाऱ्या वर-खाली शोधत राहिल्या. रकाना नव्हता. राजस्थानातल्या पंचायतीला जो तक्ता, तोच तिसवाडीतल्या पंचायतीला दिला तर मानस त्यात येणार कुठून?

अमेरिकेतल्या सिएटल शहरात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नागरिकांनी एकत्र बसून आपल्या शहराचे निर्देशक स्वतः ठरवले होते. त्यांतला एक होता, जवळच्या ओढ्यांत समुद्रातून परत येणाऱ्या रानटी सॅमन माशांची संख्या. तो मासा तिथल्या माणसांना शहाणपणा शिकवणारा होता, कारण जंगलतोड झाली, ओढा गढूळ झाला, सिमेंट वाढले, की मासा परतत नाही. आपण त्यांचा सॅमन उचलून आणायचा नाही. आपापल्या गावाचा मासा शोधायचा.

डिचोलीतल्या खाणपट्ट्यातल्या गावाने मेच्या शेवटच्या आठवड्यात दहा विहिरींत पाण्याची पातळी मोजावी. सत्तरीतल्या गावाने देवराईतली झर कोणत्या महिन्यापर्यंत वाहते ते लिहावे. पेडण्यातल्या किनारी गावाने भाताचे किती शेत यंदा पडीक राहिले आणि किती जमिनीचा झोन, म्हणजे ठरलेला वापर, बदलला ते सर्व्हे क्रमांकासह लिहावे. बार्देशातल्या गावाने बंद घरे मोजावीत. २०११ च्या जनगणनेतच गोव्यातली सुमारे एक पंचमांश घरे रिकामी होती. काही मालक परदेशी गेले म्हणून, काही भावकीचा वाद मिटत नाही म्हणून, आणि नवी तर केवळ गुंतवणूक म्हणून बांधलेली. ज्या वाड्यावर संध्याकाळी दिवा लागत नाही तिथे रात्री कुणी आजारी पडले तर शेजार कुठला?

सगळ्या गावांसाठी चार-पाच गोष्टी सारख्या असाव्यात असे मला वाटते. सरकारी प्राथमिक शाळेचा पट, कारण मराठी शाळा एकेक करून बंद होताना आपण पाहतो आहोत. पाण्यासाठी, लाकडांसाठी आणि आजाऱ्याच्या सेवेसाठी घरातल्या बाईचे दिवसाला किती तास जातात. गावातला कचरा शेवटी कुठे जाऊन पडतो. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नात बांधकाम परवान्यांचा वाटा किती. या शेवटच्याकडे मी विशेष लक्ष देईन. पंचायतीची तिजोरी नव्या इमारतींवर भरत असेल तर ती पंचायत इमारतींना नाही म्हणू शकणार नाही, मग सरपंच कितीही भला असो.

आणि भाड्याच्या खोल्यांत राहणारे. कर्नाटक, ओडिशा, बिहार, झारखंडहून आलेले जे लोक आपली घरे बांधतात, मासळीच्या होड्यांवर जातात, हॉटेलांत भांडी घासतात, त्यांना गावाच्या मोजणीतून वगळले तर ती मोजणी खोटी ठरेल. एका खोलीत किती जण झोपतात, शौचालय आहे का, त्यांची मुले शाळेत जातात का. बाहेरच्यांची गणती करून बोट दाखवायला ही वही वापरली जाण्याची भीती मला खरोखर वाटते. म्हणून नोंद घेणाऱ्या गटात त्यांच्यातलेही कुणी बसले पाहिजे, ही अट मी पहिल्या दिवशीच घालेन.

लोक मोजतील ते शास्त्रीय असेल का, असा आक्षेप येईल. दोणापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, एला इथे किनारी शेतीची केंद्रीय संशोधन संस्था आहे, विद्यापीठ आहे. मातीतला खार कसा मोजायचा हे दहावीच्या मुलांना एका दुपारी शिकवता येते. विहिरीची पातळी तर सुताला दगड बांधूनही मोजता येते, फक्त दरवर्षी त्याच विहिरीत आणि त्याच आठवड्यात मोजली पाहिजे. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: आकड्यांवर बक्षीस ठेवले की आकडे फुगतात. म्हणून या नोंदींवरून गावांचे क्रमांक लावू नयेत, अनुदानही बांधू नये. गावाची तुलना त्याच गावाच्या दहा वर्षांपूर्वीच्या स्थितीशी व्हावी.

पण मला रात्री जागे ठेवणारा प्रश्न वेगळा आहे. गावाने मोजले आणि वर कुणी ऐकलेच नाही तर? हे एकदा घडले आहे. लोकांच्या आंदोलनानंतर २००७ मध्ये, कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारा 'प्रादेशिक आराखडा २०११' मागे घेतला गेला. त्यानंतर आराखडा २०२१ तयार होताना नकाशे गावोगावी गेले. लोकांनी रात्री बसून आपली शेते, झरी, टेकड्या, देवराया त्यावर रंगवल्या. इतक्या मोठ्या प्रमाणावर गावांनी स्वतःला मोजल्याचे मला दुसरे उदाहरण आठवत नाही. २०१२ मध्ये तो आराखडा स्थगित झाला. नंतर नगर नियोजन कायद्यात कलमे घालून एकेका भूखंडाचा झोन बदलण्याची वाट काढली गेली, आणि त्याविरुद्ध लोकांना पुन्हा न्यायालयात जावे लागले. त्या रात्री नकाशावर वाकून बसलेल्या माणसांना मी आजही भेटतो. "परत कशाला बोलावता?" असे ते विचारतात, आणि त्यांचा राग रास्त आहे.

तरी मी त्यांना परत बोलावतो आहे. न्यायालयात जेव्हा जेव्हा गाव उभे राहिले तेव्हा त्याच्याकडे आठवणी होत्या आणि समोरच्याकडे कागद होते. विहीर पूर्वी आटत नव्हती हे म्हातारी शपथेवर सांगते, आणि सल्लागाराचा अहवाल म्हणतो की भूजलावर परिणाम नाही. त्या जागी सलग दहा मे महिन्यांच्या पातळ्या, तारखेसह, ग्रामसभेच्या इतिवृत्तात चढवलेल्या असत्या तर? पंचायत कायद्याने ग्रामसभा वर्षातून अनेकदा रविवारी भरतेच. तिच्या एका सभेत ही नोंद वाचून, दुरुस्त करून, इतिवृत्तात घालावी अशी तरतूद सरकारने करावी, आणि झोन बदलाचा कुठलाही प्रस्ताव आला की त्या गावची वही आधी मागवणे बंधनकारक करावे. पण यासाठी सरकारची वाट पाहायची गरज नाही. ग्रामसभेत ठराव मांडायला एक सूचक आणि एक अनुमोदक पुरतो.

यंदा आमच्या वाड्यावरच्या चार विहिरींपासून सुरुवात करायचे ठरले आहे. सातवी-आठवीतल्या सहा मुलांनी नावे दिली आहेत, त्यांतल्या दोघी भाड्याच्या खोल्यांतल्या. दोर माझ्याकडे आहे. मेच्या शेवटच्या रविवारी, पहिला पाऊस पडायच्या आधी, सकाळी सात वाजता.